हिवाळ्यात खोबरेल गोठतं, जवसाचं तेल गोठत नाही : सजीवांत चरबी नेमकं करते काय?

पाटोडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नागपुरात थंडी बऱ्यापैकी पडली आहे. न्हाणीघरातली खोबरेलची बाटली रोज सकाळी गरम पाण्यात उभी करावी लागते. सासूबाईंना गडचिरोलीकडून टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल आलंय, तेही डब्यात घट्ट बसलंय. त्याच फळीवरचं जवसाचं तेल मात्र खुशाल वाहतंय. लेक अकरावीत, नीटचा क्लास चालू. तिनं विचारलं, "तिन्ही तेलंच ना गं आई, मग हे असं काऊन?" मी कॉमर्सवाली. संपृक्त-असंपृक्त एवढं म्हणून वेळ मारून नेली. त्यावर तिचा पुढचा प्रश्न : "ते नोट्समध्ये आहे. पण तेल गोठलं काय न् नाही गोठलं काय, झाडाला किंवा प्राण्याला त्याचं काय?"

तिच्या नोट्समध्ये स्निग्ध पदार्थांची कामं पाच ओळींत उरकली आहेत. ऊर्जा, साठा, थंडीपासून बचाव, अवयवांचं रक्षण, जीवनसत्त्वं विरघळवणं. पाठ करा, मार्क घ्या. इथे तेलवाले, दवाखान्यातले, शेतीवाले बरेच आहेत म्हणून विचारते. जरा उलगडून सांगाल का? सोपं सांगा पण बाळबोध नको, ती स्वतः हा धागा वाचणार आहे.

महालचा_भाऊ

चरबीचं काम काय म्हणून काय विचारता बाप्पा! रविवारी सावजी हाणा आन् सोमवारी शर्टाच्या बटनाले विचारा.

(ज्ञानी लोकं येऊनच राहिले असतील, मी बसतो इथं चटई टाकून.)

निवृत्त_तेलवाला

ताई, प्रश्न लेकीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी एलआयटीचा, ऑइल टेक्नॉलॉजीचा. (नव्या पोरांसाठी : लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, १९४२ सालची. तेल या विषयात डिग्री देणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आपल्या नागपुरात आहे, हे नागपूरकरांनाच माहीत नसतं.)

तेल, तूप, पोटावरची चरबी, या सगळ्यांत बहुतांश ट्रायग्लिसराइड असतं. एक ग्लिसरॉल आणि त्याला लागलेली तीन मेदाम्लं. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. साखळीत सगळे एकेरी बंध असले की ती सरळ राहते आणि काडेपेटीतल्या काड्यांसारख्या या साखळ्या एकमेकींना लागून घट्ट बसतात. मधे एखादा दुहेरी बंध आला की तिथे साखळी वाकते. वाकड्या काड्या पेटीत नीट बसत नाहीत, मधे मोकळी जागा राहते, म्हणून ते तेल पातळ.

खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त, म्हणजे सरळ. त्यातलं जवळपास निम्मं एकटं लॉरिक आम्ल. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून डिसेंबरात तुमची बाटली गोठणारच. टोळीच्या तेलात पामिटिक आणि स्टिअरिक भरपूर, तेही सरळच. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, आणि त्याच्या एकेका साखळीत तीन दुहेरी बंध. तीन ठिकाणी वाकलेली साखळी. ते नागपूरच्या थंडीत काय, शून्याखालीही बराच वेळ दाद देत नाही.

आता लेकीचा मुद्दा, झाडाला त्याचं काय. बी म्हणजे झाडाचं पोर आणि पोराची शिदोरी. शिदोरी गोठली तर पोर खाणार कसं? थंड प्रदेशात, गार जमिनीत उगवणाऱ्या बियांमध्ये तेल वितळलेलंच राहावं लागतं, तरच उगवताना ते हाताशी येतं. नारळाला, मोहाला ती चिंता नाही, त्यांची जमीन बाराही महिने उबदार. शिवाय दुहेरी बंध तयार करायला झाडाला खर्च पडतो आणि असंपृक्त तेलातून ऊर्जाही किंचित कमी निघते. गरज नसेल तिथे झाड तो खर्च करत नाही. एकंदरीत बघितलं तर उष्ण कटिबंधातल्या बियांची तेलं घट्टपणाकडे झुकतात आणि थंडीकडच्या बियांची पातळपणाकडे. अपवाद आहेत, पण कल हाच.

बाकी प्राण्यांचं बोलायला इथे बायोलॉजीवाले आहेत, मी त्यांच्या रानात शिरत नाही.

बायोलॉजीच्या_बाई

तेलवाले काकांनी अर्धं काम केलं. बाकीच्या अर्ध्यात मला वाटतं नोट्सवाल्यांनी सगळ्यात मोठं काम गाळलंय. पेशीपटल! चरबीचा साठा नसलेले सजीव भरपूर सापडतील. पेशीला स्निग्ध पदार्थांचं पटल नाही असा जिवाणू, झाड किंवा प्राणी दाखवा.

पटलात ट्रायग्लिसराइड नसतं, फॉस्फोलिपिड असतं. ग्लिसरॉलला तीनऐवजी दोनच मेदाम्लं, तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना, म्हणजे मेदाम्लांच्या साखळ्यांना, नाही. पाण्यात सोडलं की हे रेणू आपणहून दोन थरांत उभे राहतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. कुणी रचावं लागत नाही. गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींमधले स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर पसरले, तर त्यांचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन. जाडी फक्त पाच नॅनोमीटरच्या घरात. एवढ्याशा पडद्याच्या अल्याड जीव आणि पल्याड बाकीचं जग.

१९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी मांडलं की हा पडदा घट्ट नाही, प्रवाही आहे. त्यातली प्रथिनं इकडून तिकडे सरकतात. आणि लेकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. पटल गोठलं तर प्रथिनं जागच्या जागी अडकतील, आतबाहेर ने-आण बंद. फार पातळ झालं तर ते गळायला लागेल. म्हणून पेशी सतत हिशेब ठेवते. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू गार जागी वाढवला की तो पटलात वाकड्या साखळ्यांचं प्रमाण वाढवतो, उबदार जागी कमी करतो. थंड पाण्यातले मासे हेच करतात. झाडंही करतात : उन्हाळा तापला की बऱ्याच वनस्पती पानांमधली तीन दुहेरी बंधांची मेदाम्लं कमी करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दारातल्या तुळशीत काय काय चालू असेल याचा विचार करा.

प्राण्यांच्या पेशीत आणखी एक पात्र आहे, कोलेस्टेरॉल. तो शेपट्यांच्या मधे शिरतो. गरमीत पटलाला सैल होऊ देत नाही, गारव्यात घट्ट होऊ देत नाही. दोन्हीकडून सांभाळून घेणारा. पण त्याची बदनामी अशी झाली आहे की अकरावीच्या मुलांना विचारलं तर निम्मा वर्ग म्हणतो, कोलेस्टेरॉल म्हणजे विष.

फिट_नागपूर

विषच आहे ना मॅडम. माझ्या जिममध्ये सगळ्यांनी तेल-तूप पूर्ण बंद केलंय. शरीराला लागेल ती चरबी शरीर स्वतः बनवतं, साखरेपासूनही बनवतं. मग खायची कशाला?

बायोलॉजीच्या_बाई

@फिट_नागपूर, अर्धं बरोबर. शरीर बरीचशी चरबी स्वतः बनवतं, कोलेस्टेरॉलही बहुतांश यकृत आणि इतर पेशी मिळून बनवतात. पण दोन मेदाम्लं आपल्याला बनवता येत नाहीत : लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. साखळीच्या शेपटाकडच्या टोकाला ज्या ठिकाणी दुहेरी बंध लागतो, तिथे तो बसवणारं विकर (एन्झाइम) वनस्पतींकडे आहे, माणसाकडे नाही. १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्यानं उंदरांना बाकी सगळं दिलं, फक्त स्निग्ध पदार्थ अजिबात वगळले. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले धरले, मूत्रपिंडं बिघडली. थोडी योग्य मेदाम्लं दिली की सुधारले. तोपर्यंत चरबी म्हणजे नुसत्या कॅलरी असाच समज होता.

शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी घालतात ती नुसती चवीसाठी नाही. कोरड्या गाजरातलं कॅरोटीन, ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं, आतड्यातून फार थोडं शोषलं जातं.

तेल-तूप कमी करणं वेगळं, शून्य करणं वेगळं. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं असेल तर डॉक्टर सांगतील ते करायचंच, त्यात वाद नाही. पण पित्तातली आम्लं, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन ही संप्रेरकं, आणि उन्हात कातडीत तयार होणारं ड जीवनसत्त्व, हे सगळं कोलेस्टेरॉलच्याच घरातलं. जिमवाल्यांना टेस्टोस्टेरॉनचं नाव आवडतं म्हणून मुद्दाम सांगितलं.

महालचा_भाऊ

मॅडमनं शेवटच्या ओळीत बरोब्बर दाबलं. +१

रात्रपाळी_सिस्टर

मी नवजात शिशू विभागात काम करते. माझ्याकडे या विषयावर सांगण्यासारखं बरंच आहे, ड्यूटी संपल्यावर लिहिते आहे, चुका पोटात घाला.

पहिली गोष्ट फुप्फुसाची. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात, आतून ओल्या. ओल्या पृष्ठभागाला आकुंचन पावायची ओढ असते, म्हणून श्वास सोडला की पिशवी मिटून चिकटायला बघते. ती चिकटू नये म्हणून फुप्फुसातल्या पेशी एक पातळ थर सोडतात, सरफॅक्टंट. वजनानं त्यात नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ. त्यातला मुख्य रेणू फॉस्फोलिपिडच, पण त्याच्या दोन्ही शेपट्या पामिटिकच्या, म्हणजे संपृक्त, सरळ. तेलवाल्या काकांची काडेपेटी इथे आठवा. श्वास सोडताना थर दाबला जातो तेव्हा या सरळ साखळ्या इतक्या घट्ट बसतात की पिशवी मिटू शकत नाही. वाकड्या साखळ्या असत्या तर हे जमलंच नसतं. संपृक्त म्हटलं की लगेच वाईट म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या विभागात येऊन बघावं.

बाळ पोटात चौतीस-पस्तीस आठवड्यांचं होईपर्यंत हा थर पुरेसा तयार नसतो. म्हणून फार लवकर जन्मलेली बाळं श्वासासाठी धडपडतात, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जातात. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अशा बाळांच्या फुप्फुसात हाच थर कमी असतो. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजारानं दोन दिवसांत गेला, राष्ट्राध्यक्षांच्या मुलासाठीही तेव्हा उपाय नव्हता. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाहेरून सरफॅक्टंट देऊन बाळं वाचवून दाखवली. आज आम्ही नळीतून ते औषध देतो. बाटलीत पांढरं दुधाळ दिसतं, ते जनावरांच्या फुप्फुसातून काढलेले स्निग्ध पदार्थच असतात. लवकर प्रसूतीची शक्यता दिसली की आईला आधीच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, तीही बाळाचं फुप्फुस लवकर तयार व्हावं म्हणूनच.

दुसरी गोष्ट उबेची. नवजात बाळ कुडकुडत नाही, हे कधी बघितलंत? कुडकुडून ऊब तयार करणं त्याला अजून नीट जमत नाही. त्याच्या खांद्यांच्या मधे, मानेशी, मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते. ती पांढऱ्या चरबीहून वेगळी. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांनी, गच्च भरलेल्या असतात, त्यातल्या लोहामुळे तो रंग. साध्या पेशीत चरबी जाळली की एटीपी, म्हणजे पेशीच्या कामाचं इंधन, तयार होतं. इथे यूसीपी-१ नावाचं प्रथिन मधेच वाट काढून देतं, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. शेगडीचं काम करणारी चरबी म्हणा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाकडे तीही कमी, कातडीखालची पांढरी चरबीही कमी. म्हणूनच त्याला आईच्या उघड्या छातीशी बांधतात, डोक्याला टोपी घालतात.

मोठ्या माणसांत तपकिरी चरबी नसतेच असं पूर्वी शिकवत. २००९ मध्ये स्कॅनवर ती मोठ्यांच्या मानेजवळ आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर सापडली. थोडीशीच असते, पण असते.

तिसरं, आईचं दूध. त्यातल्या साधारण निम्म्या कॅलरी चरबीतून येतात. आणि बाळाचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत ज्या वेगानं वाढतो त्याला चरबीच लागते. पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. चेतातंतूंवर मायलिनचं वेटोळं चढतं, त्यात तर सुक्या वजनाच्या सत्तर टक्क्यांवर चरबी. वेटोळं नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर सरकतो, जाड मायलिन असलेल्यातून शंभर मीटरच्या वर. बाळ आधी मान धरतं, मग बसतं, मग चालतं, त्या क्रमामागे हे वेटोळं चढत जाणंही आहे.

इथे थांबते, डोळे मिटताहेत.

पाटोडी

सिस्टर, काय लिहिलंय! लेकीनं हा प्रतिसाद दोनदा वाचला. तिची शंका : मेंदूला एवढी चरबी लागते तर तीही संपृक्तच असते का?

बायोलॉजीच्या_बाई

नाही, उलट टोक. मेंदूच्या करड्या भागात आणि डोळ्याच्या पडद्यात डीएचए नावाचं मेदाम्ल भरपूर असतं, बावीस कार्बन आणि सहा दुहेरी बंध. साखळी इतक्या ठिकाणी वाकते की पटल एकदम सैल राहतं. डोळ्यातल्या ज्या प्रथिनाला प्रकाश पकडून क्षणात आकार बदलायचा असतो त्याला आजूबाजूला अशीच मोकळीक लागते. फुप्फुसात दोन्ही शेपट्या सरळ, डोळ्यात जितक्या वाकवता येतील तितक्या वाकवलेल्या. तुझ्या तेलाच्या फळीवर जे दिसतंय तेच शरीर पेशीपेशीत वापरतं, हेच मला म्हणायचं होतं.

ट्रान्स फॅटची गोची पण इथूनच समजते. त्यात दुहेरी बंध असतो, पण साखळी वाकत नाही, जवळपास सरळच राहते. वनस्पती तूप घट्ट करण्याच्या धंद्यात ती तयार होते. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ पासून तेल-चरबीतल्या तिच्या प्रमाणाची कमाल मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे.

तलावकाठी

पक्षीनिरीक्षक बोलतोय. साठ्याला सगळ्यांनी एका ओळीत उडवलं, ते काही बरोबर नाही. हिवाळ्यात आपल्या आसपासच्या तलावांवर पट्टकादंब येतात. हे हिमालय ओलांडून येणारे. उपग्रहाचे टॅग लावून मोजलं तेव्हा एक पक्षी ७,२९० मीटरपर्यंत चढलेला सापडला. वाटेत हॉटेल नाही, धाबा नाही. इंधन एकच, चरबी.

चरबीच का, हे गणितानं बघा. एक ग्रॅम चरबीत नऊ किलोकॅलरी, कर्बोदकात चार. एवढ्यानं दुपटीचा फरक दिसतो. पण खरा फरक त्याहून मोठा, कारण ग्लायकोजन (अंगात कर्बोदक साठवलं जातं ते रूप) साठवलं की त्याच्यासोबत तिपटीच्या आसपास पाणीही साठवावं लागतं. चरबी कोरडी राहते. समजा एका माणसाच्या अंगात पंधरा किलो चरबी आहे, तर ती झाली १,३५,००० किलोकॅलरी. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजनमध्ये ठेवायची तर ते कोरडं चौतीस किलो, वर पाणी शंभर किलो. माणूस कसाबसा चालेल, पक्षी जमिनीवरून उठणार नाही.

आणि विक्रम ऐका. बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक पक्षी २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघाला आणि अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर कापून टास्मानियाला उतरला. मधे एकदाही थांबला नाही. निघताना या पक्ष्यांच्या वजनात निम्मी चरबी असू शकते. उडण्याआधी ते आतडी वगैरे अवयवही लहान करून घेतात, जास्तीचं वजन नको म्हणून. बदकांच्या शेपटीशी मेणासारखं तेल सोडणारी ग्रंथी असते, चोचीनं ते पिसांना चोपडतात, ती आणखी वेगळी चरबी.

महालचा_भाऊ

मंग उंटाच्या मदारीत पाणी असते का चरबी? आमच्या वर्गात मास्तरनं पाणी सांगतलं होतं.

तलावकाठी

चरबीच. ग्रॅमभर चरबी जळली की ग्रॅमभराहून किंचित जास्त पाणी तयार होतं, हे खरं. पण ती जाळायला प्राणवायू लागतो, त्यासाठी श्वास घ्यावा लागतो आणि वाळवंटातल्या कोरड्या हवेत श्वासावाटेच तेवढं पाणी उडतं. मदार म्हणजे अन्नाचा साठा.

काटोलचा_संत्रेवाला

मी काही शिकलेला नाही जास्त, पण माझ्या मालावर बोलतो. संत्र्यावर जन्मतःच मेणाचा थर असतो. तोडल्यावर आम्ही हाताळतो, पॅकिंग हाऊसमध्ये धुतलं जातं, तो थर निघून जातो आणि माल लवकर सुकतो. म्हणून वरून खाण्यालायक मेण लावतात. गिऱ्हाईक म्हणते, चमकून राहिलं म्हणजे काही तरी केमिकल मारलं. अरे बाप्पा, झाडच मेण लावून पाठवते!

मले विचारायचं होतं, सालीतून जे तेल उडते डोळ्यात, ते पण हेच का?

निवृत्त_तेलवाला

दादा, मेणाबद्दल शंभर टक्के. झाडाच्या पानाफळांवर क्युटिनचं अस्तर असतं, तेही मेदाम्लांपासूनच विणलेलं, आणि त्यात-त्यावर मेण. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हा हे अस्तर नसतं तर दुपारपर्यंत वाळून गेल्या असत्या. आपल्या कातडीचंही तसंच आहे. सगळ्यात वरच्या मेलेल्या पेशींच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं ठासलेली असतात, म्हणून नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या झळांत अंगातलं पाणी भसाभस उडत नाही. साबणानं फार घासलं की हीच भिंत निघते आणि टाचा फुटतात.

सालीतलं तेल मात्र वेगळ्या जातीचं. ते लिमोनीन, मेदाम्ल नव्हे, टर्पीन. कागदावर तेलाचा डाग राहतो, त्याचा उडून जातो. पण गंमत अशी की ज्या पाच कार्बनच्या तुकड्यांनी लिमोनीन बनतं त्याच तुकड्यांनी संत्र्याचा केशरी रंग बनतो आणि प्राण्यांच्या अंगात कोलेस्टेरॉलही. दोन तुकडे जोडले की वास, आठ जोडले की रंग, सहा जोडून वळवले की कोलेस्टेरॉलचा पाया. स्निग्ध पदार्थ म्हणजे एकच घराणं नाही. पाण्यात विरघळत नाही एवढ्या एका गुणावर ही सगळी मंडळी एका यादीत बसवली आहेत.

नागपुरी_म्हैस

गोठ्यावरून एक भर. आमच्या म्हशीच्या दुधाला सात-आठ टक्के फॅट लागलं की डेअरीवाला खूश. उत्तर अटलांटिकमधल्या हूडेड सीलच्या दुधात साठ टक्के चरबी असते म्हणे! पिल्लू चारच दिवस पितं आणि वजन दुप्पट करून मोकळं. हे वाचल्यापासून मला आमच्या म्हशीचं फार काही वाटेनासं झालंय.

रात्रपाळी_सिस्टर

झोप झाली. एक राहिलं होतं. प्रसूती सुरू करायला जे जेल लावतात त्यातलं औषध प्रोस्टाग्लँडिन. तेही मेदाम्लापासून, वीस कार्बनच्या ॲराकिडोनिक आम्लापासून, शरीर स्वतः बनवतं. ताप, सूज, दुखणं, गर्भाशयाच्या कळा, सगळ्यांत त्याचा हात. ॲस्पिरिन हीच वाट अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे पटलात नुसता उभा असलेला रेणू पेशीला इजा झाली की तुटून निरोप्या होतो.

फिट_नागपूर

बरं, शून्य फॅट मागे घेतो. पण पोटावरची चरबी तरी निरुपयोगी माना!

बायोलॉजीच्या_बाई

तीही बोलते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन शोधलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि मेंदूला कळतं की साठा किती आहे. साठा फार खाली गेला की मेंदू खर्च आवरतो. फार वजन उतरवलेल्या खेळाडू मुलींची पाळी थांबते त्यात याचा मोठा वाटा. साठा जास्त झाला तर भूक थांबायला हवी, पण तिथे मेंदू ऐकेनासा होतो, आणि पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी मधुमेहाला निमंत्रण देते. निरुपयोगी नाही, जागा आणि प्रमाण चुकलं की त्रासदायक.

पाटोडी

लेकीचा शेवटचा प्रश्न, मग आम्ही अभ्यासाला बसतो. जवसाच्या बीत तेल आहे, मग उगवताना कोंबाला साखर कुठून मिळते? आणि बीला तेलाची साखर करता येते, तर आपल्याला का नाही? तेवढं जमलं असतं तर उपासाला बरं झालं असतं!

आणि सासूबाई विचारताहेत, जवसाचं तेल फोडणीला चालेल ना?

बायोलॉजीच्या_बाई

हा प्रश्न विचारणारी मुलगी पास आहे. चरबी तुटली की तिचे दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात. आपल्या पेशीत ते क्रेब्ज चक्रात, म्हणजे इंधन जाळून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या साखळीत, जातात, तिथे दोन कार्बन आत आले की दोन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर. साखरेसाठी शिल्लक काही उरत नाही. उगवत्या बीकडे या चक्राला एक आडवाट आहे, ग्लायऑक्झिलेट चक्र. तिथे दोन्ही कार्बन वाचतात आणि त्यांची साखर होते. कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी १९५७ मध्ये हे मांडलं. त्या आडवाटेची दोन विकरं आपल्याकडे नाहीत. म्हणून लांबच्या उपासात आपलं यकृत चरबीपासून कीटोन बनवून मेंदूला देतं, साखर नाही. फक्त ग्लिसरॉलच्या तुकड्यापासून थोडी होते.

निवृत्त_तेलवाला

सासूबाईंना नमस्कार सांगा. जुन्या नागपुरात सावजी रस्सा जवसाच्या तेलातच व्हायचा, त्यामुळे चालतं म्हणणारे भेटतील. पण जे तीन दुहेरी बंध त्याला थंडीत पातळ ठेवतात, तेच हवेतल्या प्राणवायूला सगळ्यात आधी सापडतात, आणि कढईत तापवलं की हे आणखी वेगानं होतं. बीमध्ये आणि आपल्या पटलांमध्ये ई जीवनसत्त्व राखण करतं, बाटलीत ते लवकर संपतं. वरून घ्यायचं तर थोडं थोडं आणा, गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. वास रंगाच्या डब्यासारखा यायला लागला की टाकून द्या. रंगात आणि काचेच्या लांबीत हे तेल वापरतात तेही याच गुणामुळे, हवेत ते सुकून घट्ट पापुद्रा धरतं. चटणी करायची तर जवस भाजून कुटूनच करा, अख्खा दाणा बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतो.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. जवसाचं तेल पुसलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा, मग दोरीवर पसरून वाळवा.